लाल कडा

४ जानेवारी, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि मी, असा सगळा लवाजमा ताईच्या दारात उतरला तेव्हा ती हसतच सुटली. म्हणाली, ढापणे, उशी कशाला आणलीस, मी काय तुला दगडावर झोपवणार होते? दुसरीत मला चष्मा लागला तेव्हापासून मी तिची ढापणीच आहे. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. ताईला सगळं माफ. आई गेल्यावर माझ्या वेण्या हिनंच घातल्या, आणि मी पहिला चष्मा फोडला तेव्हा आपल्याच हातून पडला म्हणून बाबांचा मारही हिनंच खाल्ला.

घर म्हणजे एक जुनं गोदाम आहे. पुढे लांबलचक हॉल, मागे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. हॉलमध्ये ताई फर्निचरचे फोटो काढते, दुकानांच्या कॅटलॉगसाठी. आधी हे काम भाऊजी करायचे. गेल्या वर्षी ते एके दिवशी निघून गेले. चिठ्ठी नाही, फोन नाही, चपलासुद्धा दारातच. ताई त्यावर बोलत नाही आणि मीही खपली काढत नाही. पण भेटले ना कधी, तर चांगली हजेरी घेणार आहे मी त्यांची.

माझं म्हणाल तर, लाँड्रीत बसून रफू करण्यात डोळ्यांची पार वाट लागली. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारायची पाळी आली, तेव्हा मालकानं गोड बोलून घरी पाठवलं. त्याच आठवड्यात ताईचा फोन. ये माझ्याकडे, इथं डोळे ताणावे लागत नाहीत, मोठा पडदा आहे. मी फोनवरच रडले. खोलीत तिनं माझ्यासाठी नवी चादर घातली आहे. आज किती दिवसांनी कोणीतरी माझी वाट बघत होतं!

५ जानेवारी

आज काम शिकले. नीट लिहून ठेवते, कारण माझ्या डोक्याची मला खात्री नाही.

कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर. त्याला भाऊजींनी कुठून तरी मिळवलेली जुनी, जड लेन्स. हिला आपोआप फोकस होत नाही, रिंग हातानंच फिरवावी लागते. ताई म्हणते तेच बरं. वेताच्या खुर्चीसमोर आपोआप फोकस करणारी लेन्स गोंधळते, जाळीतून आरपार जाऊन मागची भिंत पकडते. कॅमेऱ्याच्या पाठीवर काडेपेटीएवढा पडदा आहे, त्यात माझ्यासारखीला खुर्ची आहे की बकरी तेही कळायचं नाही. म्हणून कॅमेऱ्यातून केबल काढून वेगळा मॉनिटर जोडलाय, दांडीवर, माझ्या तोंडासमोर. उजेड पडू नये म्हणून त्याला काळ्या पुठ्ठ्याची झापड लावली आहे.

आणि आता गंमत. जे फोकसमध्ये येतं, त्याच्या कडा मॉनिटरवर लाल होतात. रिंग फिरवत गेलं की लाल रेघ खुर्चीच्या पुढच्या पायावर येते, मग हातावर चढते, मग पाठीवर. थोडं पुढे जायचं, रेघ निसटू द्यायची, पुन्हा मागे यायचं आणि सर्वांत दाट दिसेल तिथं थांबायचं. मग फोटो. या रेघा फक्त मॉनिटरवर दिसतात, फोटोत उतरत नाहीत. ताईनं मला खुर्चीपाशी उभं केलं, हात पुढे करायला लावला आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. माझी पाचही बोटं लाल रेघेत, नखांसकट! मी खुळ्यासारखी टाळ्या वाजवत होते.

ताईचे नियम: मॉनिटरवर मधलाच भाग मोठा करून ठेवलाय, ते बटण बदलायचं नाही. रिंग नेहमी लांबून जवळ आणायची, म्हणजे आधी मागची भिंत स्पष्ट, मग खुर्ची. काम संपलं की ती आहे तिथंच सोडायची. भाऊजी तर रोज काम संपलं की रिंग पार लांब नेऊन लेन्सला झाकण लावायचे, मला चांगलं आठवतंय. ते झाकण त्यांच्या खिशातच गेलं. आता लेन्सवर कापडी पिशवी घालतो.

ताईचाही एक मॉनिटर आहे, आतल्या तिच्या खोलीत. केबल एका डबीतून दोन्हीकडे जाते. ती तिथं बसून रंग तपासते आणि मी इथं फोकस करते.

९ जानेवारी

हात बसला. ताई म्हणाली, भाऊजींपेक्षा तुझा हात हलका आहे. मी दिवसभर हवेत.

ताई खुर्ची ठेवायच्या जागेची चिकटपट्टी रोज थोडी पुढे सरकवते, कॅमेऱ्याच्या जवळ. गिऱ्हाइकांना लाकडाचे रेषे जवळून बघायचे असतात म्हणे. असतील. लोकांना काय, बसायला मिळालं की झालं, असं मी म्हटलं तर तिनं माझ्या डोक्यात टपली मारली.

एक बारीकशी गोष्ट. आज खुर्ची ठेवण्याआधी सहज रिंग फिरवून बघत होते. समोर नुसती मोकळी जमीन आणि लांबवर भिंत. मध्येच एका जागी, हवेत, पडद्याच्या कडेला थोड्या लाल रेघा गोळा झाल्या. रिंग हलवली तर गेल्या. ताईला विचारलं. ती म्हणाली, उजेड कमी असला की कॅमेरा चाचपडतो, दाणे दिसतात, त्याचं काही मनावर घेऊ नकोस. बरं.

१५ जानेवारी

चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. आज फोकस तपासायला मॉनिटर खुर्चीकडे फिरवला आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवून बघितलं. खुर्चीचा हात लाल. माझा हात मात्र नुसताच, कडेला रेघ नाही. हात हलवला, बोटं फाकवली, मूठ वळली. काही नाही.

ताई म्हणाली, तू गोरी, मागची भिंत पांढरी, कडा कुठून उठणार? पटलं. पण पहिल्या दिवशी भिंत काळी होती का?

२० जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोनदा तपासून घेतलं, कारण माझा विश्वास बसेना. नंबर जिथल्या तिथं आहे, काही फरक नाही. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई कंपाउंडरला म्हणाल्या, पुढचा पेशंट पाठव, खुर्ची रिकामीच आहे. मी अजून उठलेही नव्हते.

घरी आले तर फर्निचरची गाडी आली होती. गाडीवाल्यानं स्टूल आणून थेट माझ्या पायावर ठेवलं. मी ओरडले तेव्हा दचकला बिचारा. माफी मागत म्हणाला, बाई, तुम्ही होतात होय इथं. माझं वजन पासष्ट किलो आहे, मी काय टाचणी आहे न दिसायला! ताईला हे सांगताना मी नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. तिनं मला वाढता वाढता हात आखडता घेतला आणि मग एकदम खूप वाढलं.

२३ जानेवारी

क्रमानं लिहिते.

मॉनिटरची धूळ पुसत होते. फडकं बटणावरून गेलं आणि मोठा केलेला भाग सुटला. पहिल्यांदाच मला पूर्ण चौकट दिसली. मधोमध खुर्ची. आणि खुर्चीच्या शेजारी, पडद्याच्या डाव्या बाजूला, माणूस.

माणूस म्हणजे माणसाच्या कडा. डोक्याची, मानेची, खांद्यांची, पायांची लाल रेघ, आणि आत काही नाही. आतून मागची भिंत दिसत होती. मी मॉनिटरवरून नजर काढून हॉलकडे बघितलं. हॉल रिकामा. मी तिथं गेले, जिथं तो असायला हवा तिथं उभी राहिले, हात फिरवला. हवा. परत येऊन बघते तर कडा तिथंच. रिंग थोडी लांब नेली, कडा विरल्या. जवळ आणली, दाट झाल्या. दाणे असे माणसासारखे उभे राहतात का?

ताईला हाक मारली. ती धावत आली आणि आल्याआल्या तिनं आधी बटण दाबलं. मधला भाग पुन्हा मोठा. बघितलं न बघितलंसं करून म्हणाली, हॉलमधल्या खांबाची सावली असते तिथं. तू थकली आहेस, मी चहा करते.

हॉलमध्ये खांब नाही.

२४ जानेवारी

तरी आज काम केलं. ताई म्हणाली, ऑर्डर अडलीये, माझ्यासाठी एवढं कर. ताईसाठी मी काय करणार नाही! लहानपणी अंधारात जायला मी घाबरायचे, तेव्हा ती हात धरून म्हणायची, माझ्याकडे बघत चल. आजही तसंच म्हणाली, फक्त मधल्या भागाकडे बघ, बाकी कुठे नाही.

मी बघितलं. डोळ्यात तेल घालून फक्त खुर्ची बघितली. पट्टी आणखी पुढे आली आहे. पण काम झाल्यावर, ती आत गेल्यावर, मी बटण दाबलं. तो आता खुर्चीच्या पुढे आला आहे. चेहऱ्याच्या जागी नाकाची रेघ उठली आहे.

त्याचा डावा खांदा उतरलेला आहे.

आयुष्यभर तिकाटणं एकाच खांद्यावर वाहिलं की माणसाचा खांदा असा उतरतो. मी असा एकच खांदा बघितला आहे.

२६ जानेवारी

ताई बाजारात गेली होती. मी तिच्या खोलीत गेले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. दार कधी बंद नव्हतं, पण ती नेहमी दारातच भेटायची, आत जायची वेळच आली नव्हती.

तिच्या मॉनिटरवर पूर्ण चौकट लावलेली आहे. काच सगळी स्वच्छ पुसलेली, फक्त डावीकडे, त्याचा चेहरा येतो तिथं, बोटांचे ठसेच ठसे. एकावर एक. गालावरून फिरवावीत तशी. आणि काचेच्या कडेला चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावलेत, खालून वर, लहान मुलाची उंची भिंतीवर मांडतात तसे. तो जसजसा जवळ आला, पडद्यावर मोठा होत गेला, तसतसा एकेक तुकडा वर. सर्वांत खालचा तुकडा जुना, पिवळा पडलेला. त्यानंतरचे सगळे नवे कोरे. मी आल्यानंतरचे.

खुर्चीवर भाऊजींचे शर्ट, इस्त्री केलेले. खाली त्यांच्या चपला, घासूनपुसून ठेवलेल्या.

मी तिथंच खाली बसले. मला भीती वाटायला हवी होती. पण मला आठवत होती माझ्या खोलीतली ती नवी चादर.

२७ जानेवारी

विचारलं. खोटं बोलेल असं वाटलं होतं, बोलावं अशी आशाही होती. ती बोलली नाही खोटं.

सांगत होती आणि भाजी चिरत होती. भाऊजी नाहीसे झाले त्यानंतर तिनं मॉनिटर लावला तेव्हा ते शेवटच्या भिंतीपाशी उभे होते, लाल कडांचे. ती रोज रिंग जवळ आणायची आणि ते एक-एक पाऊल यायचे. मग तिच्या लक्षात आलं की तिच्या बोटांच्या कडा मॉनिटरवर उठेनाशा झाल्या आहेत. फोकस ओढणारा, म्हणजे रिंग फिरवणारा, आत जातो तेव्हा आतला बाहेर येतो. ती गेली असती तर भाऊजी बाहेर आणि ती आत, पुन्हा ताटातूट. म्हणून तिनं रिंग पार लांब नेली, तिच्या कडा परत आल्या, ते परत भिंतीशी गेले. आणि तिनं मला फोन केला.

मी विचारलं, मग भाऊजींच्या बदल्यात कोण बाहेर आलं होतं? ती म्हणाली, माहीत नाही. त्या दिवशी हॉलचं दार आतून उघडलेलं होतं, एवढंच.

मी म्हटलं, ताई, मीच का. तिनं सुरी खाली ठेवली आणि अगदी मायेनं, मला समजावून सांगावं तशी म्हणाली, ढापणे, तू एकटी. तुझ्यामागे रडायला माझ्याशिवाय आहे कोण? आणि मी रडीनच की.

केसानं गळा कापला माझा. आणि वर म्हणते, जेवून घे.

मागितलं असतंस ना ताई. समोर बसवून, खरं सांगून मागितलं असतंस, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणूनच मागितलं नाहीस का? हो म्हणाले असते तर आयुष्यभर माझे उपकार राहिले असते म्हणून?

२८ जानेवारी

बॅग न घेता निघाले. फक्त ही वही, पेन, अंगावरचे कपडे. बसथांब्यावर उभी राहिले. बस आली, मी हात केला, बस गेली. दुसरी आली, मी रस्त्यात उतरले, ड्रायव्हरनं ब्रेकसुद्धा लावला नाही, मीच जीव वाचवून मागे सरले. थांब्यावरच्या एका बाईला दंडाला धरून हलवलं. तिनं दंड खाजवला.

कुठे जाऊ? रिंगच पार लांब न्यायला हवी. ताईनं नेली, तिच्या कडा परत आल्या. माझ्याही येतील.

परत आले. ताई दारातच उभी होती. तिला मी दिसते. अजून तरी.

२९ जानेवारी

रिंग धरवत नाही. धरते आणि बोटं तिच्यावरून निघून जातात, ओल्या साबणावरून जावीत तशी. केबल उपटायला गेले, तेच. माझ्याबरोबर आलेली वही आणि पेन तेवढं हाताला लागतं. ताई शेजारी उभी राहून बघत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मदत मात्र केली नाही.

काम मी थांबवलं आहे. खुर्च्या तशाच पडल्या आहेत. पट्टी कोणी हलवलेली नाही. आता तो पुढे येणार नाही. कोणी फोकस ओढणारच नसेल तर येईल कसा

३० जानेवारी

आला. सकाळी ताईच्या मॉनिटरवर बघितलं तर चेहरा पूर्ण. भुवया, मिशी, कानाची पाळी. रिंग कोणी हलवली नव्हती, ताई शपथ घेते आणि ती आता खोटं कशाला बोलेल.

पण त्यांचा हात वर आहे, छातीपाशी. हलतोय. नको, नको, म्हणत असतील! भाऊजी भले होते. चपला न घालता गेलेला माणूस, त्यांना काय माहीत बायकोनं काय मांडलंय. मला सांगताहेत, थांब, पळ. मी मॉनिटरसमोर हात जोडले. या घरात कोणीतरी माझं आहे.

संध्याकाळ

नको नाही म्हणत.

नीट बघितलं. अंगठा आणि दोन बोटं. हळूच फिरवतात, थोडं पुढे नेतात, निसटू देतात, पुन्हा मागे. मी रोज करते तेच. तिकडूनही एक रिंग आहे.

ते माझ्यावर फोकस करताहेत

३१ बहुतेक

ताईनं आज ताट दोघांचं वाढलं. मी एका ताटापाशी बसले. ते माझं नव्हतं.

ताई ढापणे म्हण ना एकदा. काहीही म्हण.

चष्मा पुसते, पुसते, काही उपयोग नाही. जवळचं दिसतं, लांबचं— ताई लांब गेली आहे. की मी. मागे भिंत लागली पाठीला. गार आहे. ही शेवटची भिंत. मी तर स्वयंपाकघरात होते

—

इथून हॉल केवढा लांब दिसतो. टोकाला कॅमेरा. त्याच्यापाशी ताई, आणि तिच्या शेजारी ते. इस्त्रीचा शर्ट. खांदा उतरलेला. चहा पिताहेत.

मी ओरडतेय. ते मान वर करत नाहीत. त्यांना माहीत आहे मी कुठं आहे.

ताई मॉनिटरकडे बघतेय. तिला मी दिसले! तिनं काचेला हात लावला. मला गालावर लागला, खरंच लागला, लहानपणी लागायचा तसा. ताई, मी इथं आहे, रिंग तिथंच ठेव, मी पूर्ण लाल आहे ना गं, सगळ्या कडा

रिंगवर हात. तिचा नाही. त्यांचा. भिंतीच्याही पलीकडे नेताहेत. अक्षरं पुसट व्हायला लाग— ताई बघ ना, धर त्यांचा हात, तू म्हणालीस रडीन, रडत का नाहीस

त्यांनी खिशात हात घातला. ते झाकण. ताई, त्यांना सांग झाकण नको, मला अंधारात भीती वाटते तुला माहीत आहे, निदान तुझ्याकडे बघत